दोन पंचांगं, एक फटफटी

गेल्या आठवड्यात नितीनने, माझ्या मुलाने, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "आई, वाच." त्याने आठ महिन्यांपूर्वी नोंदवलेली मोटार अखेर कारखान्यातून निघणार, आणि पुढच्या महिन्याच्या अमुक आठवड्यात त्याच्या हाती येणार, असा तो निरोप होता. आठ महिने कुठला तरी नखाएवढा भाग परदेशातून येत नव्हता, म्हणून सगळं अडून बसलं होतं. "त्या आठवड्यात घेतली तर चालेल ना? काही असलं तर आत्ताच सांग," तो म्हणाला. पुण्यातल्या कुठल्याही आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघून उत्तर दिलं असतं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि उत्तर न देताच परत आले.

कारण माझ्या स्वयंपाकघरात दोन पंचांगं आहेत. एक इथलं, मराठी. दुसरं दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेलं तमिळ, रोज एक पान फाडायचं. ते दर वर्षी माझी मामेबहीण तंजावरहून पाठवते. लग्न होऊन मी पुण्याला आले त्याला पंचावन्न वर्षं झाली, पण ते दाराआडचं पान फाडल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. एकात बघितलं तर तो आठवडा चांगला, दुसऱ्यात बघितलं तर वाईट. कुठलं खरं मानायचं हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि या वयातही कळत नाही. तेव्हा म्हणजे मी नऊ वर्षांची होते तेव्हा, पन्नासच्या दशकाच्या मध्यावर, आमच्या घरी फटफटी यायची होती त्या वर्षी.

आम्ही तंजावरचे मराठी. पूर्वज मराठी राजांच्या पदरी म्हणून कावेरीकाठी आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, सरकारदरबारी इंग्रजी. देवनागरी वाचणारे घरात एकटे अप्पा, माझे वडील. आई मराठीत बोले, मराठीत रागावे, आणि वाण्याची यादी तमिळमध्ये लिही. मला स्वतःला देवनागरी आली ती तेविसाव्या वर्षी, पुण्यात, शेजारच्या पहिलीतल्या मुलीबरोबर बसून. सासरी माझं मराठी ऐकून लोक हसायचे, प्रेमानेच हसायचे, पण हसायचे.

अप्पा गुरांचे डॉक्टर होते. नोकरी ओरत्तनाडुच्या सरकारी दवाखान्यात, घर तंजावरात. अंतर काही फार नाही, पंधरा मैल. पण शेतकरी आपला आजारी बैल नांगर सुटल्यावर आणणार, गाय धार काढून झाल्यावर आणणार, आणि तंजावरकडची शेवटची मोटार, म्हणजे बस, साडेपाचला सुटणार. तेव्हा अप्पा आठवडाभर तिकडेच राहत. शनिवारी दवाखाना लवकर बंद होई आणि दिवेलागणीला ते घरी येत. अंगाला फिनेल, ओलं गवत आणि जनावरांचा वास. आई बंबात पाणी तापवून ठेवी. रविवार कसाबसा हाताला लागे आणि सोमवारी पहाटेच्या मोटारीने ते परत जात.

मी आठवडाभर त्यांना सांगायच्या गोष्टी साठवून ठेवत असे. मंगळवारी शाळेच्या विहिरीत कासव निघालं, बुधवारी बाईंनी मला फळ्यावर नकाशा काढायला सांगितला. पण शनिवारी सांगायला बसले की त्यातला जीवच गेलेला असे. अप्पा "असं? मग?" म्हणत, आणि मग काय ते मलाही आठवत नसे. आई आठवडाभर एकटी जेवायची. म्हणजे मी असे समोर, पण आई माझ्याबरोबर जेवते आहे असं मला कधी वाटलं नाही. ती आधी मला वाढी आणि मग पाट भिंतीकडे वळवून पटकन उरकून घेई. अप्पा असले की पाट मध्ये येई आणि जेवण तासभर चाले. मला बाकी काही कळत नव्हतं, पण अप्पा रोज घरी यायला हवेत एवढं पक्कं कळत होतं.

म्हणून फटफटी. साडेसातला दवाखाना बंद केला तरी साडेआठच्या आत माणूस घरी. अप्पांनी तिरुच्चीच्या एजंटाकडे नाव नोंदवलं आणि आमच्या घरात एक नवीन काळ सुरू झाला, वाट पाहण्याचा. यंत्राचे भाग परदेशातून बोटीने यायचे, इथे कारखान्यात जुळायचे आणि मग यादीप्रमाणे वाटले जायचे. एजंट मोठा सज्जन माणूस. दर महिन्याला न चुकता इंग्रजीत कार्ड टाकी. चाकं आली आहेत, टाकीची वाट पाहतो आहोत. टाकी आली आहे, पण बोट कोलंबोला थांबली आहे. पेट्या बंदरात उतरल्या, त्यांचे कागद मात्र दुसऱ्या बोटीवर आहेत. अप्पा रविवारी ते कार्ड मोठ्याने वाचून मराठीत सांगत. आई तांदूळ निवडता निवडता म्हणे, "चाकं आली तर चाकंच पाठवून द्या म्हणून लिहा की. बाकीचं मागून लावू."

फटफटी यायच्या आधी तिची जागा आली. आमच्या दाराला दोन पायऱ्या होत्या आणि गाडी रात्री बाहेर ठेवायला अप्पांचं मन घेईना. त्यांनी गवंडी बोलावून अर्ध्या पायऱ्यांवर सिमेंटची उतरण करून घेतली. ती उतरण पुढे दोन वर्षं नुसतीच पडून होती. दूधवाली तिच्यावरून दोनदा घसरली. आई रोज सकाळी रांगोळी काढताना त्या उतरणीपाशी अडे, कारण सरळ ठिपके तिथे वाकडे पडत. अप्पांनी धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून मोठा काळा चष्माही घेऊन ठेवला होता. एका रविवारी तो लावून ते ओट्यावर पेपर वाचत बसले. पलीकडच्या घरातल्या, तमिळ मीनाक्षी मामींनी विचारलं, "डॉक्टर सरांचे डोळे आले का?" आई आत जाऊन पोट धरून हसली. अप्पाही हसले, पण चष्मा त्यांनी तासभर काढला नाही.

दुसऱ्या वर्षी आडी या तमिळ महिन्यात पत्र आलं. जुलैच्या मध्यावर आडी लागतो. कावेरीला पाणी आलेलं असतं, कालवे भरून वाहतात, आणि वारा असा सुटतो की वाळत घातलेलं लुगडं एका बाईच्याने आवरत नाही. घरात सगळीकडे बारीक धूळ, भातात धूळ, दातांखाली धूळ. आडीच्या अठरा तारखेला सगळं गाव डबे घेऊन नदीवर जातं. लिंबाचा भात, चिंचेचा भात, खोबऱ्याचा भात, सगळे वेगवेगळ्या डब्यांत. आम्हीही जायचो. त्या वर्षी आम्ही नदीवरून परतलो तेव्हा दारात कार्ड नव्हतं, पाकीट होतं. तुमची गाडी तयार आहे, तीन आठवड्यांत येऊन घेऊन जावी.

मला वाटलं, अप्पा उद्याच तिरुच्चीला जाणार. मीनाक्षी मामी त्या वेळी आमच्याच ओट्यावर ओले केस सोडून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि छातीला हात लावला. "आडीत गाडी?" त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "आडीत कोणी चमचासुद्धा नवा आणत नाही." आईने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पत्राकडे पाहिलं. आमच्या मराठी पंचांगात तो श्रावण होता, सणांचा, घराघरांतून पुरण शिजायचा महिना. पण इतकी वर्षं त्या मातीत राहून आडीची धास्ती आमच्याही अंगात मुरलेली होती. "दोन वर्षं थांबलो, दोन आठवडे काय," अप्पा म्हणाले. त्यांनी एजंटाला तसं लिहिलं. एजंटाचं उलट टपाली उत्तर आलं की तो स्वतः आडीत कुणाला गाडी देतच नाही, आडी संपून आवणी लागला की त्याच्या पहिल्या तारखेला जरूर यावं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

आवणीच्या पहिलीच्या आदल्या संध्याकाळी अप्पा रजा घेऊन घरी आले. आईने सकाळच्या प्रवासाला दह्याचा भात कालवायचं ठरवून दूध विरजलं. फटफटीला घालायला मी कण्हेरीचा हार करायला बसले होते. अप्पांनी गाडी ताब्यात घ्यायला चांगली वेळ कुठली ते बघावं म्हणून देवघरातलं मराठी पंचांग काढलं. ते एरवी श्राद्धाची तिथी किंवा एकादशी बघण्यापुरतंच बाहेर निघे. त्यांनी पान उलटलं, परत मागे आणलं, परत उलटलं. मग चष्मा काढून पुसला. "उद्या अमावास्या आहे," ते म्हणाले. "आणि परवापासून अधिक भाद्रपद."

हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तमिळ महिने सूर्याचे. त्यांत जादाचा महिना येतच नाही. आमचे महिने चंद्राचे, त्यांत दर तीन वर्षांनी एक जादा महिना येतो आणि त्या महिन्यात नवं काही घ्यायचं नसतं. अमावास्येचंही तसंच. मीनाक्षी मामींना अमावास्या चांगली, नवं काम सुरू करायला उत्तम. आम्हाला ती वर्ज्य. शेजारच्या तमिळ माणसाला फक्त आडी टाळायचा होता, पुण्यातल्या माणसाला फक्त अधिक महिना. आम्ही दोन्ही टाळायचे, आणि त्या वर्षी दोन्ही एकापाठोपाठ एक आले होते. दोन पंचांगांमुळे आमच्या घरी वर्षाला दोन पाडवे व्हायचे, दोनदा गोडधोड व्हायचं, त्याचं मला फार कौतुक होतं. नकोत असे दिवसही दुप्पट होतात हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"मग जायचं नाही?" मी विचारलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने म्हणायला हवं होतं, जा म्हणून. ती म्हणाली, "तुम्हाला ठीक वाटतं तसं करा." अप्पांनी म्हणायला हवं होतं, जातो. ते म्हणाले, "तुझ्या मनात शंका असली तर नको." आईच्या मनात शंका होती का? मला माहीत नाही. अप्पांच्या मनात होती का, तेही माहीत नाही. दोघंही एकमेकांच्या शंकेला मान देत होते, आणि ती शंका नेमकी कुणाची होती याचा मी अजून शोध घेते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा घरातच होते. त्यांनी ओट्यावर बसून मला भागाकार शिकवला आणि मधूनच शीळ घातली. ती शीळ माझ्या मनात रुतून बसली. गाडी लांबली म्हणून शीळ घालतो का कोणी? की जायचं टळलं म्हणून घातली? फटफटीची त्यांना भीती होती का? की ओरत्तनाडुला आठवडाभर एकटं राहायला त्यांना आवडत होतं, आणि रोज घरी यायचं नव्हतंच? नऊ वर्षांच्या मुलीला एवढं सगळं सुचलं असेल का, की यातलं निम्मं मी नंतर भरलं, हेही मला नीट सांगता येत नाही.

एजंटाला अप्पांनी अजून एक महिना मागितला. त्याचं उत्तर कार्डावर आलं, पहिल्यांदाच जरा तुटक. असा महिना त्याच्या पंचांगात नाही, लोक वर्षानुवर्षं खोळंबलेले आहेत, गाडी यादीतल्या पुढच्या माणसाला दिली आहे, आपलं नाव पुन्हा खाली घातलं आहे. पुढचा माणूस ओरत्तनाडुच्याच वाटेवरच्या भाताच्या गिरणीचा मालक निघाला. अप्पा सोमवारी मोटारीतून जाताना ती फटफटी गिरणीच्या दारात उभी दिसे. ते त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं. आईने फक्त विचारलं, "रंग कुठला आहे?" हिरवा, अप्पा म्हणाले. आई म्हणाली, "बरा दिसत असेल," आणि उठून गेली.

या सगळ्यातलं मी नितीनला काय सांगणार? मी त्याला म्हटलं, "देतील त्या दिवशी घे." तो म्हणाला, "नक्की ना? नंतर म्हणशील." मी नक्की म्हटलं, पण माझा चेहरा नक्की दिसत नसावा, कारण त्याने बायकोकडे पाहिलं आणि दोघं हसले. मला त्यांचा राग आला नाही. मला अप्पांचा आला, एवढ्या वर्षांनी, आणि आईचाही. नंतर त्या रागाचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी कपाट आवरलं.

ती फटफटी गेल्यावर आमच्या घरी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. शनिवार येत राहिले, बंब तापत राहिला. एजंटाची कार्डंही पुन्हा सुरू झाली, आता क्लचची बोट यायची होती. पण आई ती वाचून दाखवायला सांगेना. गणपती झाले, नवरात्र झालं, मग तिकडचा हिवाळी पाऊस लागला आणि अप्पा दोन शनिवार येऊच शकले नाहीत, कारण रस्ता पाण्याखाली होता. तिसऱ्या शनिवारी आले तेव्हा मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगायला होतं, पण कंटाळा आला. आईने ते पाहिलं असावं. मी असावं म्हणते, कारण तिने पुढे जे केलं त्याचं कारण तिने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मार्गळी महिन्याच्या अगदी शेवटी, पोंगल तोंडावर आलेला असताना, एका सकाळी आईने कपड्यांच्या दोन पेट्या, देवांची पेटी आणि भांड्यांचं पोतं दारात आणून ठेवलं. मीनाक्षी मामी भोपळ्याची फुलं शेणाच्या गोळ्यांत खोवून रांगोळीत ठेवत होत्या. त्या तशाच उठल्या.

"कुठे?"

"ओरत्तनाडु," आई म्हणाली.

"मार्गळीत घर हलवतं का कोणी? दोन दिवस थांब. परवा तै लागतो. त्यासारखा महिना नाही."

"परवा तुमचा तै लागतो, मामी. आमचा पौष लागतो."

मामींना पौष काय ते माहीत नव्हतं, पण आईच्या आवाजावरून त्यांनी ते वाईट आहे एवढं ओळखलं. "मग आज तरी काय आहे तुमच्यात?"

"आज अमावास्या आहे," आई म्हणाली. म्हणजे मामींच्या पंचांगात महिना वाईट होता आणि आमच्या पंचांगात तिथी. दोघींच्या हिशेबाने निघू नये असा तो दिवस होता. आईने तो मुद्दाम निवडला की तिचा त्याच दिवशी धीर सुटला, हा आणखी एक प्रश्न. मग मामींनीच पोत्याचं एक टोक धरलं आणि मोटारीच्या अड्ड्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आल्या.

सामान मोटारीच्या टपावर बांधलं होतं. गिरणीपाशी मी खिडकीतून वाकून पाहिलं. हिरवी फटफटी उभी होती, तिच्या बैठकीवर कोंबडी बसली होती. आईने पाहिलं नाही. ती समोर बघत होती आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की तो दुखत होता. मला वाटत होतं, आपण काहीतरी फार चुकीचं करतो आहोत, अप्पा रागावतील, आपल्याला परत पाठवतील. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पाठवलं तर पाठवलं. कळेल तरी."

अप्पा दवाखान्याच्या अंगणात एका म्हशीच्या खुरावर औषध लावत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, पेट्या पाहिल्या, आणि खूर हातात धरूनच विचारलं, "काय झालं? कोणाला काय झालं?"

"काही झालं नाही," आई म्हणाली. "राहायला आलो."

अप्पांनी खूर खाली ठेवला. म्हशीचा मालक आमच्याकडे बघत होता. त्याच्यासमोर बोलायला नको म्हणून अप्पा आम्हाला मागच्या बाजूला त्यांच्या घराकडे घेऊन गेले. सरकारी घर होतं, दोन खोल्या, मागे चूल घालायची पडवी, आणि ती चूल कोरी होती. अप्पा खानावळीत जेवत. एक खोली ते वापरत. दुसरी झाडून स्वच्छ ठेवलेली आणि पूर्ण रिकामी. आई त्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली.

"मी दर शनिवारी सांगत होतो," अप्पा म्हणाले. "तिकडे जागा मोठी आहे म्हणून. वारा येतो, विहीर जवळ आहे, मुलींची शाळा आहे म्हणून. दोन वर्षं सांगतोय."

"जागा मोठी आहे म्हणालात," आई म्हणाली. "या म्हणाला नाहीत."

"तुला तंजावर सोडवणार नाही असं वाटलं. म्हणून तर फटफटी."

"आणि मला वाटलं, तुम्हाला आम्ही इथे नको, म्हणून फटफटी."

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या हाताला औषध लागलेलं होतं, त्यामुळे त्यांना डोळे पुसता येईनात. आई पुढे झाली आणि तिने आपल्या पदराने त्यांचा चेहरा पुसला, माझ्यासमोर, भरदिवसा, जे आमच्या घरात कधी कोणी पाहिलं नव्हतं. अप्पांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. आम्ही आलो म्हणून ते रडले, की दोन वर्षं एका वाक्यावाचून गेली म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.